कानवाल्यांनी उपटलेला प्लग

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर रुसला की आधी कानवाल्यांकडे जातो. हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. मशीन सुरू होत नसलं की गृहस्थ पहिल्यांदा विचारतात, प्लग लावला होता ना? तिथेच निम्मी गिऱ्हाइकं ओशाळून घरी जातात. उरलेल्यांच्या मशीनचं झाकण काढायचं, रॅमची पट्टी उपसायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासायचे आणि परत बसवायची. तरीही स्क्रीन काळीच राहिली, तर लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर निघतो. टोक हार्ड डिस्कवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आतून टकटक आली की निकाल लागतो: हिला आता उगाच चालू-बंद करू नका, आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. हा कान अठरा वर्षांत एकदाही चुकला नाही, असं सगळेच म्हणतात, आणि सर्वांत आधी ते स्वतः.

सुखात होते. मग त्यांच्या बायकोच्या मावसभावाने अगदी समोर, रस्त्यापलीकडे, काचेच्या दाराचं दुकान थाटलं. तिशीचा, गोडबोल्या, येणाऱ्या प्रत्येकीला ताई म्हणणारा. तेव्हापासून कानवाल्यांचे हात कामात आणि मान समोर. माझ्या कीबोर्डची दोन बटणं त्यांनी अदलाबदल करून बसवली, कारण त्याच वेळी त्यांचं बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, टकलू वकील, समोरच्या दारात शिरत होता. मीही तेल ओतलं, खोटं कशाला सांगू. समोर म्हणे बसायला गुबगुबीत खुर्च्या आहेत, म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

त्यांची बायको घरी कपडे शिवते. अकरा वर्षांची मापं, कुणाचा खांदा कसा, कुणाची बाही किती, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. तो सुरू होईपर्यंत तिची अख्खी बाही कापून व्हायची. ती रोज सांगायची, हे रोज म्हणायचे, बघतो. एका सकाळी मशीनने डिस्कच सापडत नाही म्हणून हात वर केले.  बाईने मशीन कडेवर घेतलं, नवऱ्याच्या दुकानासमोरून चालत गेली आणि काचेचं दार ढकललं.

माझ्या वरच्या मजल्यावरून हे दिसताच मी तोच कीबोर्ड घेऊन खाली कानवाल्यांच्या दुकानात उतरले. अशी संधी कोण सोडतं?

कानवाले लालबुंद. "ती डिस्क पंधरा दिवस टकटकतेय," ते पुटपुटले. "आणखी चार वेळा चालू केली की खलास."

मग जाऊन सांगा की, मी म्हटलं. मला कोण विचारतंय, असं म्हणून ते तिथेच बसले. तासाभराने समोर काचेआड मेव्हण्याने मशीनचं बटण दाबलं. निळा दिवा लागला, विझला. कानवाले मोजू लागले. एक. दोन. आणि तोंडावर काय होतं सांगू? अर्धी धास्ती आणि अर्धं हसू. मेव्हण्याचं नाक कापलं जाणार होतं, पण बायकोच्या मापांसकट. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा ती पुढे वाकलेली दिसली, पदराचं टोक मुठीत आवळून. तसे हे उठले, रस्ता ओलांडला आणि आत शिरून भिंतीतला प्लग उपटला. मी मागोमाग होतेच.

टेबलावरचं सगळंच बंद पडलं.

"भाऊजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "त्या मशीनमध्ये डिस्क नव्हतीच. मी रॅम तपासत होतो. डिस्क इकडे आहे. आल्या आल्या काढून कॉपीला लावली होती. निम्मी झाली होती."

टेबलाच्या कडेला डिस्क उघडीच पडली होती, त्याच प्लगवर. थांबलेली.

कानवाल्यांचा चेहरा मला बघवेना. मेव्हण्याने प्लग लावला, पण बटण दाबलं नाही. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. भाऊजी, तुम्ही ऐका, मग मी चालू करतो. मूठ कानाला लागली. डिस्क फिरली, टकटकली, अडखळली. "पुढून नको," कानवाले म्हणाले, "शेवटाकडून उलटी वाचायला लाव." दोघांची डोकी एकमेकांना टेकली तरी कुणी मागे सरकलं नाही. दुपारी चारला कॉपी संपली. मधली साठेक बायकांची मापं गेली, बाकी सगळी वाचली.

बायकोने भावाला पाणी दिलं, मग नवऱ्याकडे वळली. "पंधरा दिवस टकटक ऐकू येत होती तुम्हाला?"

"बघणार होतो गं."

"बघत होतातच. रस्त्यापलीकडे."

आता साठ बायकांची मापं नव्याने घ्यायची आहेत. घरी ती टेप लावते, आकडा सांगते, कानवाले वहीत उतरवतात. दुकान संध्याकाळी तासभर बंद असतं आणि समोर तेव्हाच गर्दी उसळते. त्यांची खुर्ची मात्र तिने स्वतः मांडली आहे, रस्त्याकडच्या खिडकीला पाठ करून. समोर किती जण आले ते मग मला विचारतात. मी दोन वाढवून सांगते.