आक्काच्या हातावरचा गोल

कमरेला पट्टा घासतो तिथं एक गोल चट्टा उठला. कडा लाल, मधला भाग साफ, कंपासानं काढल्यासारखा. माझं खाजवणं बघून आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, निदान केलं: गजकर्ण. कारणही तिनंच ठरवलं: मटण.

आक्का इचलकरंजीहून आमच्याकडं राहायला आली त्याला पाच वर्षं झाली. मटण तिनं कधीच सोडलं होतं, त्यामुळं या विषयात तिचा अधिकार मोठा. त्या दिवसापासून मटण, अंडी, वांगं, दही, चिंच, शेंगदाणे, सगळं बंद. शेंगदाण्याशिवाय कोल्हापुरात जगायचं कसं, हा माझा प्रश्न बायकोनं ऐकला नाही. ती आक्काच्या पक्षात होती. मला पातळ मुगाचं वरण, दुधी आणि भाकरी.

माझं दुःख नुसतं जिभेचं नव्हतं. दीड महिन्यावर आमची म्हाई होती. म्हाईला देवीच्या नावानं बकरं पडतं आणि सगळे पै-पाहुणे जेवायला येतात. आमच्याकडचा पांढरा रस्सा गेली वीस वर्षं मी करतो. आक्कानं जाहीर केलं की यंदा मी रस्सा करायचा खरा, पण चाखायचा नाही. हा हुकूम ऐकून मी जेवणावरून उठून गेलो होतो. वरण संपलंच होतं म्हणा.

महिनाभर मी पथ्य पाळलं. पँट सैल झाली, चेहरा उतरला आणि चट्टा? एकाचे तीन झाले. आक्का म्हणाली, मी बाहेर चोरून खातोय. देवीची शपथ घेतली तरी तिला पटेना.

मग एका सकाळी ती भाकरी थापत होती. पदर खोचलेला, बाह्या वर सारलेल्या. आणि मला तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला तो दिसला. गोल. कडा लाल, मधला भाग साफ.

मी हळूच तिच्याजवळ गेलो, बसलो आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आक्का, मटण कुठं खाल्लंस गं?"

तिनं दंडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपली आणि तिनं खोचलेला पदर सोडून दंडावर ओढला.

त्याच दिवशी दोघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी दोघांचे चट्टे बघितले आणि घरात टॉवेल किती, असं विचारलं.

"एकच हाय," आक्का म्हणाली. "पण मोठा हाय."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी समजावलं की ही बुरशी आहे, टॉवेलावरून, कपड्यांवरून, अंगावरून अंगावर जाते, मटणावरून नाही. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, अंग कोरडं, आणि चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस मलम लावायचं. दुकानातून मनानं ट्यूब आणायची नाही. मी जरा घाबरतच खाण्याचं विचारलं.

"सगळं खा," त्या म्हणाल्या. "डाळ, अंडी, भाजी, फळं, मटणपण बेतानं. उपाशी राहून बुरशी मरत नाही, माणूस वाळतो. गोड कमी करा आणि एकदा साखर तपासून घ्या."

साखर ठीक निघाली. घरात रंगीत टॉवेलांची रांग लागली.

म्हाईपर्यंत माझे चट्टे फिकट झाले होते. पंगतीत बसलो तर रश्श्याची बादली घेऊन आक्का स्वतः आली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "वाढू, का पथ्य हाय?"

मी वाटी पुढं केली. तिनं ती काठोकाठ भरली आणि मी तोंड पुसायच्या आत दुसऱ्यांदा भरली. तिसऱ्यांदा मीच नको म्हणालो. बेतानं, असं बाई बोलल्या होत्या. आक्कानं ऐकलं नाही.