गुरुवारचं प्रॅक्टिकल

रत्नागिरीच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस ऑनलाइन, असं ठरलेलं होतं. मला ऑनलाइनच सोपं वाटायचं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना मी अडखळते.

पूर्णगडहून एसटीने येणारी एक मुलगी हळूहळू वर्गात दिसेनाशी झाली. ऑनलाइन मात्र ती न चुकता असे, कॅमेरा आणि माइक बंद ठेवून. एकदा मी तिला प्रश्न विचारला. दोन्ही सुरू झाले आणि तिच्याआधी तिची आईच बोलली.

"मॅडम, मोबायलवर सगळं शिकवताव ना? मग हिला यष्टीचे धक्के कशाला? हितं कोलंबी सोलायला हात लागतात."

मागे कोलंबी सोलत बसलेल्या बायकांपैकी कुणी म्हणाली, "मॅडम पन घरातच बसल्यात की!" बायका हसल्या.

खरंच मी घरात दार लावून बसले होते. मुलीने मान वर केली नाही. तिचे हात सोलतच होते. आज मी गप्प राहिले, तर ती पुन्हा कॉलेजात येणार नव्हती.

"काकू, प्रॅक्टिकल मोबाईलवर होत नाही," मी म्हटलं. सगळा वर्ग ऐकत होता. मी अडखळतच पुढे म्हटलं, "ते स्वतःच्या हाताने करावं लागतं. गुरुवारी तिला पाठवा."

"बरं. पन गुरुवारचीच हां," आई म्हणाली.

त्या गुरुवारी ती आली. प्रॅक्टिकल संपल्यावरही धुतलेली ब्युरेटची काचेची नळी पुन्हा धुवत राहिली. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी तिला निघ म्हटलं नाही.