कुंपणालगतचं कासव

सौर प्रकल्पाच्या कुंपणाची रेषा मीच आखली होती. सनीव्हेलच्या ऑफिसात बसून ती ओढताना स्क्रीनवर नुसतं मोकळं वाळवंट दिसत होतं. काम सुरू झाल्यावर नेवाडात साइटवर गेलो तेव्हा कळलं, तिथे बिळं करून कासवं राहायची. त्यांना एकेक करून बाहेर काढलं होतं आणि कुंपणापलीकडे काही मैलांवर सोडलं होतं. ते काम बघणाऱ्या जीवशास्त्रज्ञ बाई साठीच्या, मितभाषी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं, की कासव दिसलं तर मला फोन करा, हात लावू नका.

जूनमधल्या एका दुपारी कुंपणाच्या जाळीला लागून एक कासव चालताना दिसलं. नाक जाळीला घासत बरंच पुढे जायचं, वळायचं, परत यायचं. त्याच्या पायांनी वाळूत चर पडला होता. पाठीवर माग काढायचा ट्रान्समीटर चिकटवलेला होता, म्हणजे सोडलेल्यांपैकीच ते. परत आलं होतं. त्याचं बीळ आत, पॅनेलच्या खांबांखाली कधीच बुजलं होतं.

बाईंना फोन लावला, रेंज नव्हती. जाळीला हात लावला तर चटका बसत होता. थोडा वेळ थांबलो, मग राहवेना. दोन्ही हातांनी त्याला उचललं आणि जवळच्या झुडपाच्या सावलीत नेलं. वाटेत माझी पँट भिजली. घाबरलं असेल, एवढंच मनात आलं. त्याला ठेवून साइट-ऑफिसच्या ट्रेलरकडे परतलो, खरं तर जरा खुशीतच.

संध्याकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "अंगावर लघवी केली?"

मी हो म्हणालो.

"ते त्याचं पाणी होतं," त्या म्हणाल्या. "पाऊस पडेपर्यंत पुरवायचं साठवलेलं पाणी."

दोघं टॉर्च घेऊन शोधायला गेलो. झुडपाखाली ते नव्हतं, ट्रान्समीटरचा सिग्नलही मिळेना. तिसऱ्या दिवशी सापडलं, पुन्हा कुंपणाशीच, मान बाहेर काढून मेलेलं. बाईंनी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, उष्णता. मी म्हणालो, माझं नाव लिहा. "तुम्ही उचललं नसतं तरी ते इथेच फिरत राहिलं असतं," त्या म्हणाल्या. मला दिलासा द्यायला म्हणाल्या की दोष द्यायला, अजून कळलेलं नाही.

कासवांना जाता-येता यावं म्हणून कुंपणाखाली जागा सोडता येईल का, असं ऑफिसला लिहिलं. डिझाइन मंजूर झालंय, पुढच्या प्रोजेक्टला बघू, असं उत्तर आलं. त्या उन्हाळ्यात आणखी कासवं जाळीपाशी मेली. किती, ते मी विचारलं नाही.

प्रकल्प सुरू झाला त्या वीकेंडला कॉलेजातून घरी आलेल्या मुलीने मला मिठी मारली. "आय ॲम सो प्राउड ऑफ यू, बाबा," म्हणाली. मग तिने विचारलं, वाळवंटात प्राणी दिसले का. मी म्हणालो, फारसे नाही. आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठलो.