गार डब्यातल्या टिचक्या

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण 'सोल्डरिंगचा टाका कच्चा असेल' असा सल्ला द्यायची घाई करणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचा... तो ऐकून माझे कान किटलेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात, कोरेगाव रस्त्यावरच्या एका शेडमध्ये आम्ही रेडिओ दुर्बिणीसाठी अॅम्प्लिफायर बनवायचो. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण, की अॅम्प्लिफायरची स्वतःची खरखरच त्याला गिळते. म्हणून अॅम्प्लिफायर डब्यात बंद करून द्रव नायट्रोजनमध्ये गार ठेवायचा. डिझाइन माझं आणि संपतचं. संपत मूळचा कडेगावचा. डबा गार झाला की तो वरून नखाने टिचक्या मारायचा — दोन, जरा थांबून एक — आणि अॅम्प्लिफायरला जोडलेल्या स्पीकरला कान लावायचा. "गार झाल्यावर कच्चा टाका लगीच बोलतोय बघ, गड्या." दुसऱ्या कुणी डब्याला हात लावलेला त्याला खपायचा नाही.

दुर्बिणीची माणसं डबा तपासायला येणार, त्याच आठवड्यात संपतच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सांगलीला दवाखान्यात, बेशुद्ध. मी रजा मागितली. मालक म्हणाले, "तू जाऊन काय करणार? डबा नापास झाला तर शेडला कुलूप लागेल." आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

तपासणीच्या दुपारी, पाहुण्यांसमोर, स्पीकरमध्ये खट्ट-खट्ट... खट्ट. डब्याजवळ कुणीही नव्हतं. पुन्हा तेच.

मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "संपत नसला तर तुला साधा टाकाही धड मारता येत नाही?"

मी पंखे बंद केले, बॅटरी बदलली, केबल बदलली. टिचक्या त्याच लयीत चालू. म्हटलं, "साहेब, सांगलीला एक फोन लावू द्या."

"आधी हे निस्तर."

मग त्या आपोआप थांबल्या. इतका शांत स्पीकर आम्ही कधी ऐकला नव्हता. "गेला बघ दोष," मालक म्हणाले. डबा पास झाला, पेढे वाटले गेले. माझ्या हातात पेढा असतानाच फोन वाजला. संपतची बायको होती.

"भावजी, आत्ताच गेलं वो त्ये... दुपारधरनं खाटंच्या दांडीवर बोट आपटत हुतं. डॉक्टर म्हनले, त्याला काय अर्थ न्हाई. तुमास्नी कायतरी कळतंय का?"

डबा पाठवण्याआधी मी तो उघडून प्रत्येक टाका भिंगाखाली पाहिला. एकही कच्चा नव्हता. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मालक मात्र अजून चारचौघांत हसत सांगतात, की ऐन वेळी दोष आपोआप गेला... आणि दर वेळी मला त्यांची कॉलर धरून विचारावंसं वाटतं — कोण गेला म्हणालात?