दोन कांदे आणि एक लसूण

महाडच्या आमच्या घरात, पूर्वेच्या खिडकीत माझं एक झाड आहे. झाड म्हणजे मुठीत मावेल एवढं. हावर्थिया, कोरड्या मुलखातलं. पुण्यातल्या एका संग्राहकामागे अकरा महिने लागून मिळवलेलं. त्याची जाड पानं दोन ओळींत उभी असतात आणि वरून सुरीने सपाट कापल्यासारखी दिसतात. त्या कापाच्या जागी काचेसारखा पडदा असतो, त्यातून उजेड आत जातो. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "वरचं कोणी भाजीला नेलं का?"

मी ते कुंडीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. पाणी दिल्यावर ४४६ ग्रॅम. वाळत ४१० वर आलं की पुन्हा ३६ मिली. उन्हाळाभर यात चूक झाली नाही.

आषाढात काटा ४४१ वर अडकला. सतरा दिवस पाणी दिलं नव्हतं, तरी वजन उतरेना, कारण आमच्याकडच्या हवेतच पाणी. अकरा पानांपैकी तीन बुडाशी मऊ होऊन गळाली. या गतीने गणपतीपर्यंत रिकामी कुंडी उरणार होती.

माझी थोरली बहीण पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या गावात राहते. तिला फोनवर सांगितलं.

"चुलीवरच्या शिंक्यात मी काकडीचं बी ठेवते," ती म्हणाली. "पावसाळाभर बुरशी नाय लागत. तुझं झाड काय वरून पडलंय? घेऊन ये."

एसटीत मांडीवर धरून नेलं. सोबत सूचनांचा दोन पानी कागद होता. दुसऱ्या दिवशी चूल त्यानेच पेटली.

तिच्याकडे जुनी तागडी होती, पण वजनं कधीच हरवलेली. एका पारड्यात कुंडी ठेवून दुसऱ्यात तिने दोन मोठे कांदे आणि एक लसणीचा गड्डा घातला. दांडी सरळ झाली. कोणी फोडणीत घालू नये म्हणून ते तिने फडक्यात बांधून शिंक्यातच, झाडाशेजारी ठेवले.

मग दर रविवारी फोन.

"किती भरलं, ताई?"

"दोन कांदे आन् एक लसूण."

"म्हणजे अजून ४४१. कुंडी ओलीच आहे. पाणी अजिबात देऊ नकोस."

"मी कशाला देतेय?"

"पानं किती आहेत?"

"काजळीत काय दिसत नाय रे."

असे बारा रविवार. वजन ढळत नव्हतं आणि मी मनातल्या मनात एकेक पान वजा करत होतो.

दसरा झाल्यावर काटा पिशवीत घालून गेलो. शिंक्यातून काळा गोळा खाली आला. त्याला सुक्या बोंबलाचा वास येत होता. तोलला: ३६२. मी पुन्हा तोलला. मग फडकं सोडून कांदे आणि लसूण ठेवले: ३६१.

झाडाबरोबर कांदेही वाळत होते.

मी ताईला नीट समजावलं. खरा आकडा कळता, तर ४१० ला मीच पाणी द्यायला लावलं असतं, आणि त्या दमट दिवसांत उरलेली पानंही कुजली असती.

"म्हंजे मी बरोबर सांगत होते," ती म्हणाली.

"होय."

"आन् तू काटा घेऊन आलास."

मी काटा पिशवीत परत टाकला. ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. आठही घट्ट होती. मधल्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढं एक हिरवं टोक दिसलं.

"हे धरायचं का?" मी विचारलं.

"धर की. मोठं हुईल."

नऊ लिहिले. तोवर तिने तेच दोन कांदे सोलून सुकटीत परतायला घेतले होते, लसूण ठेचून झाली होती. पुढच्या आषाढासाठी नवे कांदे मी स्वतः निवडून आणीन म्हणालो.

"आण," ती म्हणाली, "काटा मात्र घरीच ठेव."