धावपट्टी संपली तेव्हा

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. इतकी वर्षं एका छताखाली राहतोय आम्ही — आणि तिला वाटतं, एका मुलीला मरणातून ओढून काढणारा माणूस आहे मी. तुम्हाला का सांगतोय? आत आता जागाच उरली नाही, एवढंच.

मी विमान चालवायला शिकवायचो. घर खारघरला, पण नोकरी लांब, घाटावरच्या एका लहानशा धावपट्टीवर. तिथे रेश्मा शिकायला आली — आमच्याच इकडची, करावे गावची. बाप खाडीत मासे धरणारा. चांगली होती का? माझ्या हाताखालून गेलेल्यांत तिच्याइतकी समज कुणालाच नव्हती. हे मी तिला कधी बोललो नाही. मला ते खुपायचं.

अपघाताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती अशी. दोन सीटचं विमान, डावीकडे ती, उजवीकडे मी. उतरताना विमान फार पुढे जाऊन टेकलं. धावपट्टी ओली, ब्रेक धरेनात. धावपट्टी संपली, पुढचं गवत संपलं, आणि चरात नाक खुपसून आम्ही उलटलो. मी तिचा पट्टा सोडवून तिला बाहेर ओढलं. हे सगळं खरं आहे. खोटं आहे ते — त्याच्या जरा आधीचं.

तिच्या डोक्याला मार बसला होता. ती शेवटची काही मिनिटं तिला आठवेनात. आजही आठवत नाहीत. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिने मलाच विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

चौकशी व्हायची होती. त्या विमानात बोलणं टिपणारं यंत्र नव्हतं. म्हणजे जे घडलं ते आता फक्त माझ्याकडे होतं — कळतंय ना तुम्हाला?

मी म्हणालो, "खूप उंचावर होतीस तू. उतरणं सोडून परत वर जायला हवं होतंस. मी सांगितलं, पण तोवर उशीर झाला."

ती रडली. "सॉरी सर," म्हणाली. मला.

आता खरं सांगतो. वारा फिरला होता, मागून ढकलत होता. तिला ते माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "सर, आपण उंच आहोत. गो-अराउंड करते." म्हणजे वर जाऊन, चक्कर मारून, पुन्हा नीट उतरायचं. तिचा हात थ्रॉटलवर होता, इंजिनाला ताकद द्यायला तयार. आणि मला — कसं सांगू? — मला राग आला. कालची पोर मला शिकवणार? मी तिच्या हातावर हात दाबून थ्रॉटल मागे ओढला. "काही गरज नाही. उतर."

ती उतरली. कारण मी तिचा सर होतो.

चौकशीतही मी तेच खोटं सांगितलं. तिचा बाप मला भेटायला आला. त्या माणसाने माझे दोन्ही हात धरले. "सर, तुमी व्हते म्हनून माजी पोर जित्ती हाय." मी हात सोडवून घेतले नाहीत.

रेश्मा बरी झाली. परत शिकायला ये म्हणून तिला निरोप गेला. ती आली नाही. फोनवर म्हणाली, "सर, माझा माझ्यावरच भरोसा नाही राहिला." मी एक वाक्य बोललो असतो तर? पण ते वाक्य बोललो असतो, तर मी उरलो असतो का? हाच हिशेब केला मी. दुसरा कुठलाच नाही.

ती आता बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करते. परवा सीवूड्सच्या बाजारात भेटली, सोबत शाळेच्या गणवेशातली भाची. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे उतरणारं एक विमान गेलं. भाची मान वर करून बघत राहिली.

"हिला पण पायलट व्हायचंय," रेश्मा हसत म्हणाली. "मी सांगितलं हिला, ऐन वेळी निर्णय घ्यायला लागतो. आपल्या घरात कुणाला जमत नाही ते. हो ना सर?"

ती पोरगी माझ्याकडे बघत होती.

मी मान हलवली. हो म्हणून.