सर्व्हिस कोणामुळे चुकली

वाघचौरे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या मैदानावर व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. ऋषितुल्य, पितृतुल्य... मी फोन खिशात टाकला आणि पंप मारत राहिले. माणूस गेला म्हणून तो गोड होतो, असं मला तरी दिसलेलं नाही. सर माझे वैरी होते, आणि तीन आठवडे उलटले तरी आहेत.

क्रीडाकौशल्य माणूस कसं शिकतो, याचे सिद्धांत ते आम्हाला बी.पी.एड.ला शिकवायचे. मूल आधी डोक्यानं शिकतं, मग चुकतमाकत, आणि शेवटी हात आपोआप चालतो, हे सांगताना टेबलावर डस्टर आपटायचे. त्यांचा खरा जीव मात्र एकाच गोष्टीत होता. शिक्षकानं दर चुकीला बोलू नये, मुलाची चूक त्याची त्याला कळू द्यावी. मी पंचवटीतली, आमच्या गल्लीत गप्प बसणं कुणाला शिकवतच नाहीत. सरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘‘पंचवटी, तोंड आवर,’’ एवढंच.

परीक्षेच्या पाठाला मला आठवीच्या मुली मिळाल्या आणि व्हॉलीबॉलची अंडरहँड सर्व्हिस. पास झाले की चांदवडच्या एका शाळेत नोकरी पक्की होती. मी अशी काही रंगात आले! कोपर सरळ, गुडघा वाकव, चेंडू खाली धर... एकेकीच्या मागे अक्षरशः नाचले. चेंडू धडाधड जाळीपलीकडे. बाहेरचे परीक्षक माना डोलवायला लागले, तेवढ्यात सरांनी मला पाणी पिऊन यायला सांगितलं. परत येते तो सर मुलींपासून दोन हातांवर, कमरेवर हात ठेवून, मिशांसकट उभे, आणि चेंडू एकामागून एक जाळीत.

‘‘सर्व्हिस मुली करतच नव्हत्या,’’ सर म्हणाले. ‘‘तू करत होतीस.’’

नापास. चांदवडची शाळा फेरपरीक्षेपर्यंत थांबली नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच. मुली मी गेले म्हणून चुकल्या नाहीत, तुम्ही समोर उभे राहिलात म्हणून चुकल्या. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि नशिबानं टेबल मिळालं सरांच्या शेजारचं. किती वर्षं भांडलो! पोरं मुद्दाम विषय काढायची आणि आम्ही दोघं मुद्दाम फसायचो. सरांनी एकदाही मान्य केलं नाही.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मी भेटायला गेले ते दयेपोटी नाही. ते एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सर पलंगावर बसून डाव्या हातानं शर्टाचं बटण लावत होते. मुलगी वैशाली दर वेळी सांगे, बाबा, अंगठा आत घ्या, आणि ते तिच्यावर खेकसत. जीभ अडखळत होती, सिद्धांत शाबूत होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. कमरेवर हात ठेवून. मुद्दाम.

बटण निसटलं. पुन्हा निसटलं. पाच-सहादा झाल्यावर सरांनी मान वर केली. आजारपणात ते त्यांच्या सटाण्याकडच्या अहिराणीत बोलायला लागले होते.

‘‘तू... बाहेर जाय.’’

‘‘का, सर?’’

‘‘तू देखी राहिनी... म्हणीसन नई जमत.’’

‘‘मी बघतेय म्हणून जमत नाही? मग त्या मुलींचं काय?’’

सरांनी बटण पुन्हा चिमटीत धरलं. वैशालीला काही कळेना. सर म्हणाले, ‘‘तरी... तू नापासच.’’

मी गॅलरीत गेले. परत आले तेव्हा बटण लागलं होतं आणि मेला मिशीत हसत होता.

तीच शेवटची भेट.

तेराव्यानंतर वैशालीनं त्यांच्या टाचणांची वही आणून दिली, कारण त्यांचा पेपर आता माझ्याकडे आलाय. उजव्या हाताचं जुनं, टपोरं अक्षर. पाठ-परीक्षेच्या पानावर मात्र खाली एक ओळ डाव्या हातानं लिहिलेली, वाकडीतिकडी, उतरत गेलेली... ‘परीक्षकाने शिकणाऱ्याच्या समोर उभे राहू नये.’

मी ती तीनदा वाचली. मग लाल पेन उघडलं आणि समासात लिहिलं : मुद्दा बरोबर. कोणाकडून घेतला ते लिहिलेले नाही. फेरपरीक्षा.